मापाचा माणूस

उत्तम,

तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी सुशीलावहिनी माझ्या स्टुडिओत आल्या. बरोबर तुझी प्रज्ञा होती, शेगावहून रजा टाकून आलेली. एका गिऱ्हाइकाचे पासपोर्ट फोटो कापून होईपर्यंत दोघी मायलेकी भिंतीवरची नवरानवरीची जोडपी बघत उभ्या राहिल्या. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यायचा एक चांगला फोटो मोठा करून द्या. कार्यक्रमात ठेवाले पाह्यजे. तुमच्याजवळ तं ढिगानं असतीन."

मी म्हणालो, "हो, देतो ना."

अगदी सहज म्हणालो. मलाही तसंच वाटत होतं. वीस वर्षं तू माझ्याबरोबर हिंडलास. बऱ्हाणपूर, बिदर, अहमदाबाद, मांडू, आणि आपल्या जिल्ह्यातलं सिंदखेडराजा तर कितीदा. जिथं जिथं जुनी इमारत दिसली तिथं तिथं तिच्यासमोर आधी मी तुला उभं केलं. अर्ध्या नांदुऱ्याचे चेहरे माझ्या कपाटात आहेत, म्हणजे तुझा असणारच, असं मी धरून चाललो होतो.

दोन दिवस मी कॉम्प्युटरसमोरून उठलो नाही. तुझी पाठ सापडली. एका फोटोच्या कोपऱ्यात बाही दुमडलेलं कोपर सापडलं. बिदरच्या एका फोटोत पायऱ्यांवर तुझ्या चपला आहेत, तू नाहीस. चेहरा एकही नाही. कुणाच्या तरी लग्नात, पंगतीत असशील म्हणून तेही धुंडाळलं. एकात तू मान खाली घालून जेवतोयस. दुसऱ्यात बँडवाल्याच्या मागे तुझा एक कान आहे.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, "वहिनी, हार्ड डिस्क बिघडली. सगळं गेलं." त्या म्हणाल्या, "राहू द्या, भाऊजी. तुमचं तं लय नुकसान झालं." जिचा नवरा जाऊन आठवडा व्हायचा होता ती बाई माझी समजूत घालत होती, आणि मी ती घालून घेतली.

डिस्क बिघडलेली नव्हती, उत्तम. ती अजूनही टेबलावर घुरघुरतेय.

तू माझ्याकडे फोटोसाठी आलाच नव्हतास. आठवीपर्यंत आपण एका बाकावर होतो. मग तू वडिलांच्या हाताखाली गवंडीकामाला गेलास आणि मी अकोल्याला फोटोग्राफी शिकायला. स्टुडिओ काढला तेव्हा मागची भिंत बांधायला तुलाच बोलावलं. काउंटरच्या वर मी सिंदखेडराजाच्या दरवाज्याचा मोठा फोटो लावला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा असा. तू हातातलं घमेलं खाली ठेवलंस, खिशातून ओळंबा काढलास, आणि दोरीला टांगलेलं ते पितळी वजन फोटोसमोर धरून म्हणालास, "विजू, तुह्या फोटोतला दरवाजा मांगं पडून राह्यला बे."

मला राग आला. गवंड्यानं मला फोटो शिकवावा का, असंच मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग दोरीकडे पाहिलं. दरवाजा खरंच मागे रेलला होता. उंच इमारत खालून, कॅमेरा वर करून टिपली की असं होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. दिसलं मात्र तुझ्या दोरीमुळे.

पुढच्या रविवारी दोन एसट्या बदलून आपण सिंदखेडराजाला गेलो आणि तिथं आपली पद्धत बसली. तू भिंतीला लागून उभा राहायचास, उजवा हात वर, हातात ओळंबा. दोरी बघून मी कॅमेरा सरळ करायचो. तू पाच फूट चार इंच, त्यामुळे कमान किती उंच तेही कळायचं. तसा एक फोटो काढायचा, त्याला आपण 'मापाचा फोटो' म्हणायचो. मग मी ओरडायचो, "निघ." तू बाजूला व्हायचास आणि मी खरा फोटो काढायचो. खरा म्हणजे रिकामा.

मापाच्या फोटोत तू कधी हसून कॅमेऱ्याकडे पाहिलंस की मी खेकसायचो, "इकडं पाहू नको." चेहरा दिसला की लोक चेहराच बघतात, इमारत बघत नाहीत, असं माझं शास्त्र होतं. दोनचारदा ओरडा खाल्ल्यावर तू भिंतीकडेच तोंड करून उभा राहायला लागलास. तुला त्याचं वाईट वाटलेलं मला तरी दिसलं नाही. भिंत जवळून बघायला मिळते म्हणून तू खूश असायचास.

आणि तू बघायचासही काय. दगडावरून तळहात फिरवायचास आणि सांगायचास, "हा मांगून बसवेल हाय. जुन्या मिस्त्रीनं असा सांधा सोडला नसता." मांडूला एका कमानीखाली तू अर्धा तास मान वर करून उभा होतास. डाव्या बाजूचा मिस्त्री आणि उजव्या बाजूचा मिस्त्री वेगळे होते असं तुझं म्हणणं, आणि डाव्याचा हात चांगला. मी हसलो. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तर दोन्ही बाजूंची घडण खरंच वेगळी निघाली. पुढे अकोल्याच्या एका व्याख्यानात मी हे सांगितलं. "माझ्या असं लक्षात आलं," अशी सुरुवात करून सांगितलं. टाळ्या पडल्या. तू मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतास.

संध्याकाळी लॉजवर आलो की वहिनींनी बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा तू वर्तमानपत्रावर मांडायचास, आणि मी कॅमेरा घेऊन बसायचो. पहिलं काम म्हणजे मापाचे फोटो पुसणं. एकेक करून, तुझ्या शेजारी बसून. एकदा बिदरला तू माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलंस आणि विचारलंस, "मले काऊन पुसून राह्यला बे?"

"जागा खातात," मी म्हणालो.

"मी कितीक जागा खातो? एवढासा तं हाव."

आपण दोघं हसलो. तू भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवलास आणि मी दुसऱ्या हातानं पुसत राहिलो. आता वाटतं, त्यातला एक, फक्त एक ठेवला असता तर माझं काय जाणार होतं.

भांडणं आपली कमी झाली नाहीत. अहमदाबादच्या त्या गल्लीतलं तर शेवटपर्यंत मिटलं नाही. लाकडी नक्षीचे सज्जे, सकाळचं ऊन, आणि मला गल्ली रिकामी पाहिजे होती. मी दोन तास थांबलो. तेवढ्यात तू चहावाल्याशी दोस्ती केलीस, एका म्हाताऱ्याला पाण्याचा हंडा आत नेऊन दिलास. सज्ज्यावर एका बाईनं कपडे वाळत घातले होते. मी खालून तिला हात जोडून म्हणालो, पाच मिनिटं काढता का. ती बिचारी काढायला लागली, आणि तू भडकलास. "तिच्या घरावरचे कपडे काढाले लावणारा तू कोण बे? बांधणाऱ्यानं थो सज्जा काय तुह्या फोटोसाठी बांधला? कपडे वाळवाले, उभं राहून रस्ता पाहाले बांधला. माणसं काढून टाकशीन तं मंग राह्यते काय तिथं? दगड अन् लाकूड."

मी म्हणालो, तुला कला कळत नाही. परतीच्या रेल्वेत सुरत येईपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. सुरतेला दोन चहा घेऊन आलास, एक माझ्या हातात दिलास आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलंस. मी त्या भांडणाचं उत्तर कधी दिलं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं, हे तेव्हा कबूल केलं असतं तर बरं झालं असतं.

आता बऱ्हाणपूरचं सांगतो. ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, पण आपण एकमेकांना कधी बोललो नाही.

सकाळची वेळ, जुन्या शहराचा दरवाजा, ऊन तिरपं आणि पिवळं. तू दरवाज्याच्या अलीकडे ओळंबा धरून उभा राहिलास, मी मापाचा फोटो काढला, "निघ" म्हणायला तोंड उघडलं आणि मागून उसाचे ट्रॅक्टर आले. एकामागून एक. ते संपेपर्यंत ऊन पांढरं पडलं. मला पाहिजे होता तो उजेड फक्त मापाच्या फोटोत होता. म्हणून तो ठेवला आणि घरी येऊन त्यातून तुला काढून टाकलं. कॉम्प्युटरवर दोन तास लागले. तुझ्या जागी मी शेजारचे दगड आणून बसवले. जुन्या मिस्त्रीनं तसा सांधा सोडला नसता, पण लोकांना कळला नाही.

पुण्यात माझं पहिलं प्रदर्शन लागलं तेव्हा तू आणि वहिनी फ्रेमा घेऊन माझ्याबरोबर रेल्वेनं आलात. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती. तू पांढरा शर्ट घातला होतास, इस्त्री केलेला, आणि त्याच शर्टावर अख्खी सकाळ शिडीवर चढून, ओळंबा लावून, एकेक फ्रेम टांगलीस. हॉलचा माणूस म्हणाला, इतक्या सरळ फ्रेमा इथं कधी लागल्या नव्हत्या. तू इतका खूश झालास की शर्टाला लागलेली धूळसुद्धा झटकली नाहीस.

दुपारी एक बाई बऱ्हाणपूरच्या फोटोपुढे थांबल्या. बरोबर दोन जाणते गृहस्थ. बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "ही सावली कुणाची हो?"

मी जवळ जाऊन पाहिलं. तुला पुसलं होतं, पायाजवळची सावलीही पुसली होती. पण ती रस्ता ओलांडून पुढे भिंतीवर चढली होती, आणि तो भाग मला दगडावरचा काळा डाग वाटला होता. एवढ्या मोठ्या प्रिंटमध्ये सगळं स्वच्छ दिसत होतं. डोकं, खांदा, वर केलेला हात, आणि हातातून लोंबणारी दोरी. माणूस नाही आणि सावली आहे.

तू माझ्यापासून दहा पावलांवर शिडी घडी करत होतास. मला फक्त म्हणायचं होतं, हा माझा मित्र उत्तम, हा बघा इथेच आहे. मी म्हणालो, "असेल कुणी स्थानिक मजूर."

तोंडातून चुकून गेलं असं मी स्वतःला बरेचदा सांगून पाहिलं. चुकून गेलं नव्हतं. मी त्या लोकांशी पुण्याची भाषा बोलत होतो, जपून, एकेक शब्द धुऊन. तुला बोलावलं असतं तर तू पुढे येऊन म्हणाला असतास, "मीच हाव थो." त्या 'हाव'ची मला लाज वाटली. तुझ्या धुळीच्या शर्टाची वाटली. आणि उत्तम, नांदुऱ्यात तुमची वस्ती वेगळी, आमची आळी वेगळी, तरी लहानपणापासून एकमेकांच्या ताटात जेवलो, याचा मी चारचौघांत मोठा तोरा मिरवत आलो होतो. वेळ आली तेव्हा मी तुला वस्तीसकट लांब उभं केलं.

त्याच संध्याकाळी मी तो फोटो भिंतीवरून उतरवला. तू म्हणालास, "नसन पाह्यजे तं मले दे." मी दिला. सुटलो म्हणून दिला. तू काही ऐकलं नाहीस असं मी धरून चाललो, कारण परतीच्या प्रवासात तू नेहमीसारखाच होतास. त्यानंतरही तू माझ्याबरोबर येत राहिलास, भिंतीकडे तोंड करून उभा राहत राहिलास. मी पुसत राहिलो.

परवा तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी मुद्दाम उशिरा गेलो, कडेला बसावं म्हणून. मांडवात बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, आणि शेजारी टेबलावर फुलांमध्ये तुझा फोटो म्हणून ठेवला होता बऱ्हाणपूरचा दरवाजा.

प्रज्ञा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, आधार कार्डावरचा मोठा करून पाह्यला. बाबा वळखूच येऊन नाई राह्यले, पोलिसायनं धरल्यासारखे दिसतात. आई म्हने, हाच ठेवू. हा बाबायचा आवडता व्हय."

लोक येत होते, त्या सावलीपुढे फूल ठेवत होते, वाकत होते. तुझ्या हाताखाली शिकलेला एक मिस्त्री ओळंब्याच्या दोरीला बोट लावून रडला. मग एक निवृत्त गुरुजी बोलायला उठले. त्यांनी तुझ्या कामाबद्दल सांगितलं, आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "उत्तमराव घरी येणाऱ्या प्रत्येकाले हा फोटो दाखवत. सांगत, माणसाचा फोटो कोणीबी काढते, पण नुसत्या सावलीचा काढनं लय कठीण असते, माह्या विजूनं मुद्दाम काढला. मंडळी, असा मित्र लाभाले भाग्य लागते."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. उठून सांगायला पाहिजे होतं आणि मी हात जोडून, मान खाली घालून बसलो, जणू दुःखानं बोलवत नाही. जेवणाच्या वेळी दोघातिघांनी माझी पाठ थोपटली. कुणाला शंका येऊ नये म्हणून मी पान संपवलं.

काल सकाळी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी बसलो आणि सगळं सांगितलं. डिस्क बिघडली नाही. तुझे फोटो मीच पुसले, वीस वर्षं. तो सावलीचा फोटो मुद्दाम काढलेला नाही, माझ्या पुसण्यातून राहून गेलेली ती सावली आहे. आणि पुण्यात मी काय बोललो तेही सांगितलं.

वहिनींनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग म्हणाल्या, "माहीत हाय मले. मी तुमच्या मांगंच उभी होती ना, भाऊजी."

त्याच पुढे बोलल्या. "गाडीत तुमचा डोळा लागल्यावर मी ह्यायले म्हनलं, तुमचा दोस्त असा कसा बोलला? तं हे म्हने, मजूर तं हावच मी, त्यात खोटं काय? पण स्थानिक नाई. नांदुऱ्याहून गाड्या बदलून, रात्र फलाटावर काढून गेलतो त्याच्यासंगं. तेवढं त्यानं सांगाले पाह्यजे होतं." मग म्हणाल्या, "अन् मले बजावून ठेवलं, घरी कोणाले सांगू नको. विजूले लोक नावं ठेवतीन."

एवढंच. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही माफी मागितली नाही. तू वर्षानुवर्षं माझ्यावर पांघरूण घालत होतास आणि मी समजत होतो की तुला काही कळलं नाही. तुझ्या भोळेपणाची मी मनात कीव करायचो, उत्तम. आता तोंड लपवायला जागा नाही.

मी उठलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "कॅमेरा आनला काय?"

गाडीच्या डिकीत होताच.

"मंग माहा एक काढून ठेवा. चांगला, तोंडावून. उद्या माह्या पोरीले कोणाच्या दारात जा लागू नये."

हे त्या रागानं बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. मी अंगणात तिकाटण्यावर कॅमेरा लावला. तू बांधलेली ती विटांची भिंत, न गिलावा केलेली, एकेक थर एका ओळीत. तिच्यापुढे वहिनी खुर्चीवर बसल्या, पदर नीट करून. मी प्रज्ञाला म्हणालो, घरात बाबांचा ओळंबा असेल तर आण. कॅमेऱ्यात आता सगळं सरळ करायची सोय असते, ओळंब्याची गरज नव्हती. तिनं कोनाड्यातून आणला, आईच्या शेजारी भिंतीला लागून उभी राहिली आणि दोरी धरली. हात तुझ्यासारखाच वर. आणि तुझ्यासारखंच तोंड भिंतीकडे. तिला कुणी शिकवलं, कोण जाणे.

माझी रेष जुळली. तिनं न वळता विचारलं, "काका, सरकू आता?"

वीस वर्षं मी याच क्षणी "निघ" म्हणालो होतो. मी म्हणालो, "नको बाई, राहा तिथंच. फक्त इकडं पाहा."